अल्बर्टचं ताट

भागिरथा गेली तेव्हा ग्यानबा तिच्याजवळ नव्हता. आदल्या दिवशी तो अकोल्याच्या दवाखान्यातून किन्हीराजाला घरी आला होता. तिचं धुतलेलं लुगडं, एक जाड पांघरूण आणि घरच्या म्हशीचं दूध घेऊन दुपारपर्यंत परत जायचं होतं. सकाळी त्याने दूध तापवलं, डब्यात ओतलं, झाकणाला फडकं बांधलं, तोच फोन वाजला. मुलगा प्रसेनजित होता. तो नुसता "बाबा" म्हणाला आणि पुढे बोलेना. ग्यानबाला कळलं. तरी त्याने दुधाचा डबा पिशवीत घातला. शेजाऱ्याने गाडी काढली, तीत बसला आणि अकोल्यापर्यंत ती पिशवी मांडीवरच धरून राहिला.

शेवटच्या वेळी प्रसेनजितही खाटेजवळ नव्हता. औषध आणायला खाली गेला होता. जवळ होती ती टीना. बाजूच्या खाटेवर वाशीमच्या अंगुरीबाई होत्या, कापडदुकानवाल्या जैन घरच्या, आणि टीना ही त्यांची सून. पोरगी मनाने चांगली. सासूसाठी चहा आणला की भागिरथेसाठीही अर्धा कप आणायची. ग्यानबा वॉर्डात शिरला तशी ती उठून जवळ आली.

"काका, काकू एकदम शांत होत्या. काही त्रास नाही झाला. शेवटी तुमचंच नाव घेत होत्या. ग्यानबा, ग्यानबा म्हणत होत्या."

ग्यानबाने हात जोडले. "लई उपकार झाले पोरी," म्हणाला.

सरण पेटल्यावर त्याच्या ध्यानात आलं. भागिरथेने उभ्या संसारात त्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात बायांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा तोंडात पदर कोंबून बसली होती. "अवो" म्हणायची, नाहीतर "प्रसेनजितचे बाबा". रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर कार्ड पुढे करायची आणि दुसरीकडे बघायची. ती बाई मरताना दोनदा नाव घेईल? टीनाने खाटेवरच्या कागदावर नाव वाचलं असणार आणि म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार. ग्यानबाने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. पोरीचा राग आला नव्हता. पण त्या दिवसापासून तिच्या बोलण्याने त्याची झोप गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. प्रसेनजित वाशीमला नोकरीवर गेला. बाप चल म्हटलं तर येईना. म्हशीचं निमित्त सांगायचा.

प्रसेनजितची मुलगी धम्मदीपा ऑस्ट्रेलियात शिकायला होती. शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि वरखर्चासाठी ती तिथल्या एका वृद्धाश्रमात कामाला जायची. आजी गेल्यापासून ती दर रविवारी आजोबांना फोन करायची. एप्रिलच्या शेवटी मात्र तिचा फोन मधल्याच वारी आला.

"आबा, जेवले का?"

"जेवलो. तू आज कशी काय? पैसे गिसे पायजेत का?"

"नाही हो आबा. तुमाले एक सांगाचं होतं. काल इकडं सैनिकांचा दिवस होता. पहाटे सगळे लोक मैदानात जमतात. बिगूल वाजवतात. कोनी भाषण ठोकत नाही. नुसते उभे राह्यतात अंधारात."

"भाषण नाही? मंग आपल्या लोकाईले नाही जमाचं थे."

दीपा हसली. मग तिने सांगितलं. तिच्या वृद्धाश्रमात एल्सी नावाची म्हातारी होती, नव्वदीच्या पुढची. तिची चाकाची खुर्ची ढकलत दीपा मैदानात घेऊन गेली होती. म्हातारीच्या कोटावर उजव्या बाजूला पदकं होती. आपली स्वतःची असली तर डावीकडे लावायची आणि घरातल्या मेलेल्या माणसाची असली तर उजवीकडे, अशी तिकडची रीत. ती पदकं तिच्या भावाची होती. जपानशी लढाई चालली होती तेव्हा तो न्यू गिनी नावाच्या बेटावर मेला होता. त्याचं नाव अल्बर्ट.

ते नाव ऐकून ग्यानबाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा, आयकून राह्यले ना? मी तिले आपल्या आजीच्या ताटाचं सांगतलं."

या ताटाची गोष्ट किन्हीराजात सगळ्यांना माहीत होती. भागिरथेचा बाप पुंजाजी इंग्रजांच्या पलटणीत जखमी माणसं उचलणारा होता. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी त्याला धरलं आणि इतर हिंदी कैद्यांबरोबर जहाजात कोंबून त्या बेटावर नेलं. तिथे कैद्यांनी गवत खाल्लं, किडे खाल्ले. बहुतेक मेले. शेवटच्या वर्षी पुंजाजी जंगलातून पळाला आणि ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या हाती लागला. त्यांच्या टोपीची कड एका बाजूने दुमडलेली असायची. एकाने बंदूक रोखली, दुसऱ्याने ती बाजूला सारली. तो दुसरा म्हणजे अल्बर्ट. त्याने पुंजाजीला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. डब्यातलं दूध पाण्यात कालवून चमचा चमचा पाजलं. पुंजाजी ताटलीवर झडप घालत होता आणि तो ताटली मागे घेत होता. पुंजाजीने त्याला वऱ्हाडीत सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. तो हसायचा आणि आणखी एक चमचा द्यायचा. पुंजाजीबरोबरच्या एकाने मात्र कुठूनसा भाताचा डबा मिळवून पोटभर खाल्लं, आणि तो रात्रीतून मेला. तेव्हा पुंजाजीला समजलं, तो ताटली का मागे घेत होता.

अल्बर्ट पुढे दोन-तीन दिवसांत मेला. आडनाव कोणाला माहीत नव्हतं. तारीख पुंजाजीला आठवत नव्हती, नुकतीच पुनव होऊन गेली होती एवढंच आठवत होतं. धम्म घेतल्यावर त्याने वैशाख पुनवेचा दुसरा दिवस धरला, आणि त्या दिवशी एका अनोळखी माणसाला जेवू घालायला लागला. बापामागे भागिरथेने ते चालवलं. ज्याने बापाला चारलं त्याची काही ओळख नव्हती, म्हणून जेवणारासुद्धा ओळखीचा नको. किन्हीराजात अनोळखी माणूस कुठून मिळणार? म्हणून ती डबा घेऊन जीपने शेलूबाजारला बहिणीकडे, रुखमाबाईकडे जायची आणि तिथे हमरस्त्यावरून कोणाला तरी बोलावून आणायची. एका वर्षी एका ट्रक ड्रायव्हरला वाटलं, बाई गुंगीचं औषध देते. तो ट्रक घेऊन पळाला.

वस्तीतल्या बाया तिला चिडवायच्या. "काय व भागिरथा, बाबासाहेबांनी सराध बंद करा म्हणलं, अन् तू गोऱ्याचं सराध घालून राह्यली?"

"मेलेल्याले नाही चारत व मी. जित्या माणसाले चारून राह्यली," ती म्हणायची.

आणि त्या दिवशी ती डाव्या हाताने वाढायची. ग्यानबाला ते आवडत नव्हतं. "डाव्या हातानं वाढते का कोनी? मानूस काय म्हनन?" यावर तिचं एकच उत्तर असायचं. "त्यानं डाव्याच हातानं चारलं माह्या बापाले." एवढं बोलून ती कामाला लागायची, आणि ग्यानबा कधी पुढे विचारायचा नाही. पुंजाजीची गोष्ट त्याने इतक्या वेळा ऐकली होती की ती कधी नीट ऐकलीच नव्हती.

"थ्या डाव्या हाताचं सांगतलं अन् एल्सी आजी रडाले लागली आबा," दीपा म्हणाली. "तिचा भाऊ डावखुरा होता. शाळेत मास्तरनं पट्ट्या मारून उजव्या हातानं लिहाले लावलं, पन चमचा डाव्याच हातात धराचा. ती म्हनते, तो माह्याच भाऊ आहे."

"अल्बर्ट एकच होता का तिकडं?"

"कायचा एकच. अल्बर्ट म्हंजे आपल्याकडचे भीमराव. गल्लीत चार. पन डावखुरा, अन् त्याच बेटावर, अन् त्याच वर्षी मेलेला. आबा, ती ऐंशी वर्षांपासून वाट पाहून राह्यली, कोनीतरी त्याच्याबद्दल सांगन म्हनून. तुमी बोला ना तिच्याशी. मी सांगतो तिले तिच्या भाषेत."

दुसऱ्या दिवशी ग्यानबाने अंगात धुतलेला सदरा घातला आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, सुरकुतलेली म्हातारी दिसली. तिने भावाचा फोटो उचलून कॅमेऱ्यापुढे धरला. पोरसवदा चेहरा, दुमडलेली टोपी. ग्यानबाने फोटोला हात जोडले. मग त्याला माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. नदी, दूध, शिव्या. शिव्यांचं सांगितलं तेव्हा म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने विचारलं, तो गात होता का? ग्यानबा म्हणाला, माहीत नाही. तिने विचारलं, तो कसा मेला? ग्यानबा म्हणाला, तेही माहीत नाही, बायकोला माहीत होतं. एल्सी म्हणाली, तुमच्या बायकोने माझ्या भावाला इतकी वर्षं जेवू घातलं.

फोन बंद झाल्यावर ग्यानबाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. भागिरथेचं काहीतरी कुठेतरी पोचलं होतं. दीपाने पुढच्या रविवारी सांगितलं, एल्सी आजी आता सगळ्यांना सांगत सुटली आहे, जेवायला येते तेव्हा भावाचा फोटो समोर ठेवते.

वैशाख पुनव आली. ग्यानबाने विहारात जाऊन वंदना घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः चूल पेटवली. वरण, भात, आंब्याचा रस, आणि वाटीत पातळ दूधभात. पोळ्या जमल्या नाहीत. शेजारणीने करून दिल्या. डबा घेऊन तो जीपने शेलूबाजारला गेला.

रुखमाबाई भागिरथेहून मोठी, गुडघ्यांनी अधू, पण जीभ धड होती. "या जवाईबापू, जय भीम. वरन का पानी? कायले आनलं थे एवढं?" म्हणाली, आणि मग तिची नजर दूधभाताच्या वाटीवर गेली. पदराने डोळे पुसून तिने ताट काढून दिलं.

रस्त्यावर बोअरची गाडी उभी होती. तिच्यावरचे मजूर लांब तमिळ मुलखातले. त्यातल्या एकाला ग्यानबाने हाताने खूण करून बोलावलं. काळा, हडकुळा माणूस, अंगभर दगडाची भुकटी. भाषेचा गंध नाही. ओसरीवर बसला. ग्यानबाने डाव्या हाताने भात वाढायला घेतला आणि निम्मा खाली सांडला. माणसाने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून मान खाली घालून जेवला. रस तीनदा घेतला. जाताना ग्यानबाचे पाय शिवायला लागला, तर ग्यानबाने त्याला खांद्याला धरून उठवलं.

भांडी विसळताना रुखमाबाई म्हणाली, "डाव्या हातानं तुमाले नाही जमत. मी तर भागीले कितीदा म्हनलं, बाई, उजव्यानं वाढ. त्याचा उजवा मोडका होता म्हनून तुहे कायले हाल?"

ग्यानबा उठता उठता थांबला. "कोनाचा मोडका?"

"अल्बर्टचा. उजवा हात गयात बांधेल होता त्याचा, गोयी लागेल होती. एका हातानं बाबाले पाठीवर घेतलं त्यानं. भागीनं सांगतलं नाही तुमाले?"

"सांगतलं असन," ग्यानबा म्हणाला. "मी आयकलं नसन. मंग डावखुरा नोता तो?"

"असन, नसन. बाबाले काय माहीत? बाबानं त्याले दोन दिवस पायलं. तिसऱ्या दिवशी तो बाकीच्या लोकाईले सोडवाले जंगलात गेला, तशाच बांधेल हातानं. आला नाही. बाबानं खुणेनं इचारलं, तर एकानं टोपी काढली अन् छातीवर धरली. चमचा बाबापाशीच राह्यला."

"कोनता चमचा?"

"ज्यानं चारलं तो. मांगून त्याच्यावर कोरेल नाव होतं, इंग्रजीत. बाबानं घरी आनला." रुखमाबाईने हात पुसले. "घरात कोनाले इंग्रजी येते? आमच्या आजीनं उचलला अन् देव्हाऱ्यात ठेवला, खंडोबा-मरीमायच्या टाकाईपाशी. माह्या लेकाचा जीव वाचोला यानं, म्हने. रोज हयदकुंकू लावे. छप्पन साली आपन धम्म घेतला, तवा सगळे देव फडक्यात बांधले अन् नदीत सोडले. घरोघरी तेच चालू होतं, गठुडं सोडून कोन पाहाते? बाबाच सोडून आला सोताच्या हातानं. रातच्याले जेवाले बसला अन् हातातला घास खाली ठेवला त्यानं. दुसऱ्या दिवशी दिवसभर पाण्यात उतरून चाळत होता, पन चमचा सापडला नाही. गावचे लोक म्हनत, पुंज्या देव परत काढून राह्यला. मी नऊ वर्षांची होती. काठावर बसेल होती मी."

ग्यानबा परतीच्या जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. नाव अकरा वर्षं घरात होतं, कुंकवाखाली, आणि वाचणारं कोणी नव्हतं. आता त्याच घरातली पोरगी परदेशात शिकत होती. पण त्याला जास्त टोचत होतं ते दुसरंच. एल्सीला भाऊ ओळखता आला तो डाव्या हातामुळे. आणि डाव्या हाताचा अर्थ तो नव्हता.

रविवारी त्याने दीपाला सगळं सांगितलं. तिने चमच्याचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आबा, हे तिले नाही सांगाचं."

"काहून?"

"ती थकेल आहे. आता कुठं हासाले लागली. अन् कोन म्हनते तो तिचा भाऊ नाहीच म्हनून? असूबी शकते. हात मोडेल असन अन् डावखुराबी असन."

"असू शकते. मंग तसंच सांगू."

"तसं सांगतलं का नाही म्हनल्यासारखंच होते ना. तुमचं काय जाते आबा? राहू द्या तिले समाधान."

ग्यानबाने फोन या हातातून त्या हातात घेतला. मग त्याने, कोणालाही सांगितलं नव्हतं ते, टीनाचं बोलणं नातीला सांगितलं.

"तुह्या आजीनं माह्यं नाव कधीच नाही घेतलं, दीपा. थ्या पोरीनं माह्या भल्यासाठीच सांगतलं. दोष नाही तिले. पन तवापासून मी डोये मिटले का मले तुही आजी दिसतच नाही. दुसरीच कोनती बाई दिसते खाटेवर, माह्यं नाव घेनारी. माह्यावाली कशी गेली थे मले पाहू नाही देत थे बाई. तिनं जर म्हनलं असतं, काका, मी झोपेल होती, मले माहीत नाही, तर मी रडलो असतो अन् मोकळा झालो असतो."

पलीकडून दीपाच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "आबा, तुमी मले हे आधी काहून नाही सांगतलं?"

"कायले सांगू? तू तिकडं एकटी. लाव आता एल्सीबाईले फोन."

एल्सी खिडकीजवळ बसली होती. फोटो मांडीवर होता. ग्यानबा एक एक वाक्य बोलायचा, थांबायचा, आणि दीपा ते तिच्या भाषेत सांगायची. मोडलेला उजवा हात. चमचा. नदी. तिसऱ्या दिवशी जंगलात गेला तो. शेवटी ग्यानबा म्हणाला, "तिले सांग, तो तिचा भाऊ होता का नाही थे मले माहीत नाही. हो म्हनता येत नाही अन् नाही म्हनता येत नाही. माफ करजा म्हनाव."

म्हातारीने मांडीवरचा फोटो उचलून जवळ धरला. फोटोच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ग्यानबाला वाटलं, आता फोन ठेवेल. मग ती हळूहळू बोलायला लागली आणि दीपा सांगायला लागली.

तिचा भाऊ मेला तेव्हा त्याच्या साहेबाने घरी लिहिलं होतं की त्याला काही यातना झाल्या नाहीत, क्षणात गेला. आई ते वाचून शांत झाली. थोड्या दिवसांनी गल्लीतल्या दुसऱ्या घरचा मुलगा मेला. त्याच्याही आईला तेच लिहून आलं, अगदी त्याच शब्दांत. एल्सी तेव्हा तेरा वर्षांची होती. दोन्ही वाचल्यावर तिने आईला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर भावाच्या मरणाचं कोणी काही सांगितलं की ती मान हलवायची आणि खरं मानायची नाही.

"ती म्हनते, माहीत नाही असं मले म्हननारे तुमीच पहिले," दीपा म्हणाली. "अन् आबा, ती म्हनते, माह्या नसन तर तोबी कोनाचा तरी भाऊ असन. त्याच्याही घरच्याईले सांगा."

ग्यानबाने मान डोलावली. पडद्यावरच्या म्हातारीला त्याने हात जोडले, आणि तिनेही त्याचं बघून हात जोडले, जरा वाकडे.

त्यानंतर एल्सी जेवताना फोटो पूर्वीसारखाच समोर ठेवते, असं दीपा सांगते. त्याबद्दल तिला कोणी काही विचारत नाही.

दीपा आता सुटीच्या दिवशी तिकडच्या सैनिकांची नावं शोधत बसते. त्या बेटावर, त्या वर्षी, पुनवेनंतरच्या दिवसांत मेलेले. अल्बर्ट बरेच निघाले. उजव्या हाताला आधी गोळी लागलेला कोणता, ते कुठे लिहिलेलं नाही. ग्यानबा दोनदा शेलूबाजारला जाऊन आला. रुखमाबाईला आणखी काही आठवत नाही. तिच्या बापाबरोबर परतलेलं वऱ्हाडात कोणी उरलेलं नाही. कोणत्या घरी सांगायचं ते अजून कळलेलं नाही, आणि सांगायचं राहिलं आहे.